पेट्या भरल्या की माणूस बेकार राहत नाही?

प्रश्न : खेड्यापेक्षा शहरात बेकारी दुप्पट, असं सरकारी आकडे सांगतात. मग आमच्या वाडीतली शिकलेली पोरं मुंबईची गाडी का धरतात?
– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : आकडे तुम्ही वाचलेत ते बरोबर आहेत. जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षाच्या देशव्यापी श्रमबल पाहणीत १५ वर्षांवरच्यांचा बेरोजगारी दर ग्रामीण भागात २.५ टक्के, शहरांत ५.१ टक्के निघाला. आदल्या वर्षी तो २.४ आणि ५.४ होता. पण ‘बेकार’ कोणाला म्हणायचं, ते आधी बघा.

माझा पुतण्या पदवीधर. गेल्या वर्षी एप्रिल-मे तो बागेत होता. सकाळी उतरवलेला हापूस पडवीत पेंढ्यावर पसरायचा, एकेक फळ हातात तोलायचं, चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी असे ढीग लावायचे आणि पेट्या भरायच्या. बोटं चिकाने काळी. मग घरच्या शेतात भातलावणी, तिथे मजुरी कुठली! बाकीचे महिने जाहिराती आणि अर्ज.

पाहणीच्या वार्षिक मोजणीत वर्षातला बराच काळ काम शोधण्यात गेला, तरी जोडीला ३० दिवस काम केलेलं असलं की माणूस रोजगारात धरला जातो. घरच्या शेतातलं बिनमजुरीचं कामही कामच. म्हणजे पुतण्या बेकार नाही! तोच डोंबिवलीत वाढला असता, तर बाग नाही, शेत नाही. नोकरी शोधणारा म्हणून सरळ बेकारांत गेला असता. आणि ज्यांनी शोधणं सोडलं आणि कामाला तयार आहोत असंही सांगितलं नाही, ते गावात काय, शहरात काय, बेकारांच्या मोजणीबाहेर. हे मला फार लागतं.

वर्षाऐवजी फक्त गेल्या सात दिवसांचं काम विचारणाऱ्या आठवड्याच्या मापाने दरी कमी दिसते : एप्रिल २०२५ मध्ये ग्रामीण ४.५, शहरी ६.५. तिथेही आठवड्यात एक तास काम पुरतं.

वाडीतल्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे बारा चौकोन आखा आणि रोख पैसा हातात पडला तेवढेच महिने भरा. पुतण्याचे दोन भरले, दहा कोरे राहिले. यंदा गणपती झाल्यावर तो चाकरमान्यांच्याच गाडीत बसला.