कार्यालयासाठी पहिला सूट घेताना
आपला हा पहिलाच सूट असेल, तर गडद निळा किंवा कोळशासारखा करडा रंग घ्यावा. काळा समारंभांसाठी राहू द्यावा. मुंबईच्या दमट हवेत पॉलिएस्टर फार उकडते, म्हणून किंमत थोडी अधिक पडली तरी शुद्ध लोकरीचे, मीटरला साधारण २५० ग्रॅम भरणारे हलके कापड आणि अर्धेच अस्तर असलेला कोट निवडावा, असे मी आग्रहाने सांगेन. खरी परीक्षा मात्र खांद्यांची असते, कारण कंबर, बाह्या आणि पँटची उंची चांगला शिंपी दुरुस्त करून देतो, परंतु खांद्याची शिवण दंडावर उतरत असेल, तर तो कोट कितीही आवडला तरी परत ठेवावा. बाहीखाली शर्टाचा कफ सुमारे एक सेंटिमीटर दिसावा. कोटाच्या मागील फटीवरचा फुलीसारखा तात्पुरता टाका वापरण्यापूर्वी उसवावा. अनेकजण तो तसाच ठेवतात.