निर्मूलन, दूरीकरण आणि हद्दपारी

प्रश्न असा आहे : 'भारतातून कुष्ठरोगाचे निर्मूलन २००५ मध्ये झाले असे एका आरोग्यपुस्तिकेत वाचले. त्याच रोगाच्या निर्मूलनाचा कार्यक्रम मात्र अजून चालू आहे. इंग्रजीत इरॅडिकेशन आणि एलिमिनेशन असे दोन शब्द आहेत. मराठीत दोहोंसाठी निर्मूलन चालेल का, की उच्चाटन, दूरीकरण, हद्दपार यांपैकी काही वेगळे योजावे?'

दोहोंसाठी निर्मूलन सर्रास चालवले जाते, पण चालवू नये, असे माझे मत आहे. शास्त्रात या दोन शब्दांमध्ये जे अंतर आहे ते शैलीचे नाही. रोग संपला म्हणून काम थांबवता येईल की नाही, हे त्या अंतरावर ठरते, आणि जिथे डॉक्टर, प्रयोगशाळा आणि पैसा या तिन्हींची टंचाई असते तिथे काम थांबवण्याची घाई नेहमीच असते.

संसर्गजन्य रोगांच्या अभ्यासकांनी १९९७ मध्ये बर्लिन येथील डालेम परिषदेत या संज्ञांच्या व्याख्या पक्क्या केल्या. रोगाचे प्रमाण एखाद्या भागात सोसण्याजोग्या पातळीवर आणून ठेवणे म्हणजे नियंत्रण. ठरावीक भूभागात नवा संसर्ग शून्यावर आणणे, पण तो शून्यावर टिकवण्यासाठी लसीकरण, फवारणी, पाहणी वगैरे चालूच ठेवावे लागणे, हे एलिमिनेशन. साऱ्या जगात नवा संसर्ग कायमचा शून्य होणे आणि म्हणून पुढचे सर्व प्रयत्न थांबवता येणे, हे इरॅडिकेशन. याच्याही पुढची एक पायरी आहे : रोगजंतू निसर्गातही नाही आणि प्रयोगशाळेतही नाही. तिला विलोप म्हणता येईल. देवीचा रोग संपल्याचे जागतिक आरोग्य सभेने १९८० मध्ये जाहीर केले आणि जगभर देवी काढणे बंद झाले, तरी तिचा विषाणू अटलांटा आणि रशियातील कोल्त्सोवो येथील प्रयोगशाळांमध्ये बंदिस्त आहे. म्हणजे देवीचे निर्मूलन झाले आहे, विलोप झालेला नाही. आजवर निर्मूलनाच्या पायरीला पोहोचलेले रोग दोनच : माणसांमधील देवी आणि गुरांमधील बुळकांडी. बुळकांडीची घोषणा २०११ मध्ये झाली.

आता शब्दांकडे वळू. इरॅडिकेशनच्या मुळाशी लॅटिनमधला 'राडिक्स' म्हणजे मूळ हा शब्द आहे. एलिमिनेशनच्या पोटात 'लिमेन' म्हणजे उंबरठा आहे. एकात मुळासकट उपटणे आहे, दुसऱ्यात उंबरठ्याबाहेर घालवणे आहे. निर्मूलनात 'मूल' उघडच दिसते, त्यामुळे ते पहिल्या शब्दाशी तंतोतंत जुळते. उच्चाटनाची गोष्ट अधिक गमतीची आहे. आज आपण तो शब्द 'नायनाट' या अर्थाने वापरतो, परंतु मंत्रशास्त्रातल्या षट्कर्मांत शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन आणि मारण अशी सहा कर्मे सांगितलेली आहेत, आणि तिथे मारण वेगळे, उच्चाटन वेगळे. उच्चाटन म्हणजे एखाद्याला त्याच्या ठिकाणावरून उठवून लावणे. त्याला ठार करणे नव्हे. व्यवहारातल्या मराठीनेही ही जाणीव नकळत जपली आहे, कारण आपण 'समूळ उच्चाटन' म्हणतो. उच्चाटनात मूळ आधीच आले असते तर 'समूळ' हे विशेषण जोडण्याची गरज पडली नसती. ('समूळ निर्मूलन' असेही अधूनमधून छापलेले दिसते, ती निव्वळ पुनरुक्ती आहे.)

म्हणजे व्युत्पत्तीच्या न्यायाने एलिमिनेशनला उच्चाटन हा नेमका शब्द ठरला असता. तरीही त्याची शिफारस मला करवत नाही. रूढ अर्थाने तो शब्द आता इतका उग्र झाला आहे की 'हिवतापाचे उच्चाटन' वाचल्यावर कोणालाही हिवताप जगातून गेला असेच वाटेल. सरकारी मराठीत हत्तीरोग, हिवताप, क्षयरोग यांच्या संदर्भात 'दूरीकरण' हा शब्द गेल्या काही वर्षांत रुळू लागला आहे. शब्द थोडा कृत्रिम आहे खरा, पण त्याची बाजू व्याकरणाने बळकट केली आहे. 'दूर करणे' या क्रियापदाला 'कुठून?' असा प्रश्न लगेच चिकटतो आणि पंचमीची अपेक्षा निर्माण होते : श्रीलंकेतून हिवतापाचे दूरीकरण, चीनमधून हिवतापाचे दूरीकरण. निर्मूलन नुसत्या षष्ठीवर भागवते, 'देवीचे निर्मूलन' एवढ्यावर वाक्य पुरे होते, आणि जगभर संपलेल्या रोगाबाबत ते तसेच हवे. एलिमिनेशनच्या व्याख्येत भूभाग अनिवार्य आहे. जो शब्द लिहिणाऱ्याला त्या भूभागाचे नाव घ्यायला भाग पाडतो, तो अधिक चांगला.

वृत्तपत्री मराठीने मात्र या बाबतीत परिभाषाकारांवर कडी केली आहे. 'पोलिओ हद्दपार' हा मथळा आपण सगळ्यांनी वाचला आहे. हद्दपार म्हणजे हद्दीच्या पलीकडे घालवलेला. लॅटिन उंबरठ्याच्या जागी इथे हद्द आली, एवढाच फरक. शिवाय या शब्दाचा कायदेशीर अर्थ मराठी वाचकाला ठाऊक आहे. हद्दपार केलेला माणूस जिवंत असतो, शेजारच्या हद्दीत राहत असतो, आणि पहारा ढिला पडला तर परत येतो. दूर केलेल्या रोगाचे वर्तन अगदी असेच असते. श्रीलंकेत १९६३ मध्ये वर्षभरात हिवतापाचे अवघे १७ रुग्ण नोंदले गेले, फवारणी सैल झाली, आणि १९६० चे दशक संपण्याच्या आत रुग्णसंख्या पुन्हा लाखांत गेली. त्या देशाला हिवतापमुक्तीचे प्रमाणपत्र मिळायला २०१६ साल उजाडावे लागले. सलग तीन वर्षे देशात लागण झालेला एकही रुग्ण नसला तर हे प्रमाणपत्र मिळते. प्रवासी बाहेरून रोग घेऊन आला तर तो या हिशेबात धरत नाहीत, मात्र त्याच्यावर नजर ठेवावीच लागते. शास्त्रीय लेखात 'हद्दपारी' लिहावे असे मी म्हणणार नाही. सर्वसाधारण वाचकासाठी लिहिताना मात्र तो शब्द सोडून 'निर्मूलन' लिहिणे म्हणजे हातचा नेमका शब्द टाकून चुकीचा उचलणे होय.

कुष्ठरोगाचे कोडे मात्र दूरीकरण या शब्दानेही सुटत नाही, कारण इथे तिसरीच एक संज्ञा गुंतलेली आहे. जागतिक आरोग्य सभेने १९९१ मध्ये जे उद्दिष्ट ठरवले ते 'सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून' कुष्ठरोगाच्या एलिमिनेशनचे होते, आणि त्याची मोजपट्टी होती दर १०,००० लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण. शून्य रुग्ण असे त्यात कुठेही म्हटलेले नव्हते. भारताने राष्ट्रीय पातळीवर ही रेषा २००५ च्या अखेरीस ओलांडली. 'समस्या म्हणून' ही दोन पदे भाषांतरात गळाली आणि उरलेल्या वाक्याने रोगच संपवून टाकला.

त्यातही मोजले काय जात होते, हे बारकाईने पाहण्याजोगे आहे. 'रुग्ण' म्हणजे त्या वेळी उपचार घेत असलेला, नोंदवहीत नाव असलेला माणूस. बहुविध औषधोपचार आल्यावर उपचाराचा काळ आटोपशीर झाला. जास्त जंतू असलेल्या रुग्णांसाठी तो पुढे २४ महिन्यांवरून १२ महिन्यांवर आणण्यात आला. ज्याचे औषध पूर्ण झाले त्याचे नाव वहीतून कमी होते. म्हणजे दरवर्षी असे तेवढेच नवे रुग्ण सापडत राहिले तरीही, प्रत्येकाचा वहीतला मुक्काम निम्मा झाल्यामुळे, कोणत्याही एका दिवशी मोजलेली संख्या निम्म्यावर येते. एकूण रुग्णप्रमाण आणि नवरुग्णप्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मराठीत दोहोंना सैलपणे 'रुग्णसंख्या' म्हटले जाते, हा गोंधळाचा आणखी एक पदर. कुष्ठरोगाचा जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीस वर्षेही जातात. म्हणून आज दिसणारा नवा रुग्ण हा फार जुन्या संसर्गाचा पुरावा असतो. २०२३ मध्ये जगात १,८०,००० हून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतील निम्म्याहून अधिक भारतात होते. कार्यक्रम चालू आहे तो यामुळे.

मग पुस्तिकेतले वाक्य कसे हवे होते? 'कुष्ठरोगाचे प्रमाण २००५ च्या अखेरीस राष्ट्रीय सरासरीने दर १०,००० लोकांमागे एकाच्या खाली आले.' यात कोणतीही संज्ञा नाही आणि गैरसमजाला जागा नाही. 'राष्ट्रीय सरासरीने' हे शब्द गाळू नयेत, कारण मोजणीचे एकक बदलले की निकाल बदलतो. सँडफ्लाय माशीमार्फत पसरणाऱ्या काला आजाराचेच पाहा. तिथे वर्षाला दर १०,००० लोकांमागे एकाहून कमी नवा रुग्ण ही मर्यादा आहे, पण ती भारतात प्रत्येक तालुकावजा गटात, बांगलादेशात प्रत्येक उपजिल्ह्यात आणि नेपाळमध्ये प्रत्येक जिल्ह्यात गाठावी लागते. जिल्ह्याच्या सरासरीत जी वस्ती लपते, ती गटाच्या सरासरीत उघडी पडते. बांगलादेशला या बाबतीत २०२३ मध्ये मान्यता मिळाली, आणि असे करणारा तो पहिला देश ठरला. तरी तिथले काम संपलेले नाही : काला आजार बरा झाल्यावर काही रुग्णांच्या त्वचेवर महिन्यांनी किंवा वर्षांनी चट्टे येतात, रुग्णाला त्यांचा फारसा त्रास होत नाही म्हणून तो दवाखान्यात जात नाही, आणि त्या चट्ट्यांमधले परजीवी सँडफ्लाय माशीला मिळत राहतात.

प्रश्नात विचारलेले नाही, तरी याच संदर्भात मराठीतल्या आणखी एका सोयीकडे लक्ष वेधावेसे वाटते. 'रुग्ण नाही' आणि 'रुग्ण आढळला नाही' ही वाक्ये आपण बातमीत एकमेकांच्या जागी सहज वापरतो. साधने तोकडी असलेल्या भागातल्या संशोधनाचा बराचसा खटाटोप या दोन वाक्यांमधले अंतर मोजण्यासाठी चाललेला असतो. पोलिओची पाहणी हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. पोलिओ नसला तरी इतर कारणांनी काही मुलांना अचानक लुळेपणा येतोच. म्हणून पंधरा वर्षांखालील दर १,००,००० मुलांमागे वर्षाला असा पोलिओखेरीजचा निदान एक रुग्ण नोंदला गेलाच पाहिजे, असा दंडक आहे. लुळेपणा सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतराने, मुलाच्या शौचाचे दोन नमुने घेऊन ते थंड पेटीतून प्रयोगशाळेत पोहोचवावे लागतात. ज्या जिल्ह्यातून लुळेपणाची एकही नोंद आली नाही, तो जिल्हा कागदावर सर्वांत निरोगी दिसतो. पाहणी करणारे लोक मात्र त्याच जिल्ह्यावर सर्वांत आधी संशय घेतात. नायजेरियात २०१४ नंतर दोन वर्षे मूळ (म्हणजे लसीतून न निपजलेल्या) पोलिओविषाणूचा रुग्ण आढळला नव्हता. २०१६ मध्ये बोर्नो राज्यात तो आढळला आणि विषाणूच्या जनुकीय रचनेवरून असे दिसले की २०११ मध्ये तिथे सापडलेल्या विषाणूचा हा वंशज आहे. सशस्त्र संघर्षामुळे जिथे पथके पोहोचू शकत नव्हती तिथे तो इतकी वर्षे फिरत राहिला होता. 'आढळला नव्हता' हे विधान शेवटपर्यंत खरे होते, 'नव्हता' हे कधीच खरे नव्हते.

पिण्याच्या पाण्यातून होणाऱ्या नारू या कृमिरोगाच्या बाबतीत निर्मूलन हा शब्द उद्दिष्ट म्हणून अगदी योग्य आहे, कारण तिथे लक्ष्य जगभर शून्य हेच आहे. लस नाही, औषध नाही. पाणी गाळून पिणे, नारू बाहेर पडत असलेल्या माणसाला पाण्यात उतरू न देणे आणि खबर देणाऱ्याला बक्षीस देणे अशा साध्या भांडवलावर १९८६ मधील अंदाजे ३५ लाख रुग्णांवरून ही संख्या आता वर्षाला दोन अंकी आकड्याच्या आसपास आली आहे. शेवटचे पाऊल अडले आहे ते मुख्यतः कुत्र्यांमुळे, कारण २०१२ पासून आफ्रिकेतल्या चाड देशात त्यांच्यातही तोच कृमी आढळू लागला. माणसांतला आकडा शून्य झाला तरी कुत्र्यांतला शून्य होईपर्यंत 'निर्मूलन झाले' असे लिहिता येणार नाही. 'निर्मूलनाचे प्रयत्न' एवढेच लिहावे.

या शेवटच्या वाक्यात मराठीची एक सवयही दडली आहे. दारिद्र्य निर्मूलन, अंधश्रद्धा निर्मूलन अशा समासांमुळे निर्मूलन हे आपल्याकडे फळाचे नाव राहिलेले नाही, ते मोहिमेचे नाव झाले आहे. भारतातील कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम १९८३ मध्ये 'निर्मूलन' कार्यक्रम झाला तो याच अर्थाने, आणि नावात तो शब्द असायला हरकत नाही. 'झाले' हे क्रियापद त्याला जोडले की मात्र व्याख्या लागू होते.

राहिलेल्या पर्यायांपैकी 'उन्मूलन' हा हिंदीत रूढ असलेला शब्द अर्थाने निर्मूलनाहून वेगळा नाही, म्हणून त्याची आयात करून काही साधत नाही. 'नायनाट' घोषणेत शोभतो. 'पोलिओमुक्त', 'हिवतापमुक्त' ही विशेषणे देशाच्या किंवा प्रदेशाच्या नावापुढे आणि प्रमाणपत्राच्या वर्षासह वापरली तर निर्दोष आहेत. कुष्ठरोगासारख्या, केवळ मर्यादेखाली आणलेल्या रोगाला 'मुक्त' लावणे चूक आहे.