न्यूयॉर्कमधली जुनी केस 'क्लीन स्लेट' कायद्याने सील झाली, तर ग्रीन कार्डच्या अर्जात ती सांगावी लागते का?

तुमच्या भावाने २०२० साली न्यूयॉर्कमध्ये 'पेटिट लार्सनी'चा, म्हणजे दुकानातून वस्तू उचलल्याचा गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि त्यानंतर काही घडलं नाही, हे धरून लिहितो.

हो, सांगावी लागते. सील होणं म्हणजे नोंद पुसली जाणं नव्हे. फाइल जागेवरच असते, फक्त ती कोणी उघडायची यावर राज्याचा कायदा बंधन घालतो. ते बंधन केंद्र सरकारच्या इमिग्रेशन खात्याला लागू होत नाही.

आधी राज्याचं. 'क्लीन स्लेट' कायदा, म्हणजे ठरावीक वर्षांनी जुनी शिक्षेची नोंद आपोआप सील करणारा न्यूयॉर्कचा कायदा, १६ नोव्हेंबर २०२४ पासून लागू आहे. मिस्डिमीनरसाठी, म्हणजे किरकोळ गुन्ह्यासाठी (पेटिट लार्सनी यातच येते), शिक्षा सुनावल्यापासून (तुरुंगवास झाला असल्यास सुटकेपासून) ३ वर्षं थांबावं लागतं, फेलनीसाठी, म्हणजे गंभीर गुन्ह्यासाठी, ८ वर्षं. मध्ये पुन्हा दोषी ठरलं तर मोजणी नव्याने सुरू होते. प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहण्याची शिक्षा) चालू असेल किंवा दुसरी केस प्रलंबित असेल, तर सील होत नाही. लैंगिक गुन्हे यातून वगळले आहेत, आणि 'क्लास ए', म्हणजे सर्वांत गंभीर, फेलनीही (अमली पदार्थांच्या सोडून). भावाची ३ वर्षं झालीत. त्याला अर्ज करायचा नाही, वकिलाला त्यासाठी पैसेही द्यायचे नाहीत. पण जुन्या नोंदी सील करायला न्यायालयांना १६ नोव्हेंबर २०२७ पर्यंत मुदत आहे, तेव्हा आज सील झालीच असेल असं धरू नका. खात्री करायची तर राज्याच्या डीसीजेएस (गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या) खात्याकडे बोटांचे ठसे देऊन स्वतःचा रेकॉर्ड मागवता येतो. मागवताना 'अनसप्रेस्ड' प्रत मागा, कारण 'सप्रेस्ड' प्रतीत सील झालेलं दिसत नाही.

नोकरीत याचा फायदा खरा आहे. मात्र मुलं, वृद्ध अशांबरोबरच्या ज्या कामांना कायद्यानेच ठशांची तपासणी लागते, तिथे सील नोंदही दिसते. आणखी एक अडचण: बॅकग्राउंड चेक करणाऱ्या खासगी कंपन्यांकडे सील होण्याआधी उतरवलेला डेटा पडून असतो. तो अहवालात आला तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. साधारणपणे ३० दिवसांत तपासून दुरुस्ती करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

आता ग्रीन कार्ड. इमिग्रेशन कायद्यात गुन्ह्याची कबुली आणि त्यावर काही शिक्षा, भले नुसता दंड, एवढं झालं की 'कन्व्हिक्शन', म्हणजे दोषी ठरणं. राज्याने नंतर ते झाकलं म्हणून ते जात नाही. अटकेचे ठसे एफबीआयकडे गेलेले असतात आणि अर्जातला बायोमेट्रिक्सचा टप्पा त्यांच्याशीच ताडून पाहतो.

गंमत अशी की एकच पेटिट लार्सनी बहुतेक वेळा मुळात आडवी येतच नाही. एकच गुन्हा, कमाल शिक्षा एका वर्षाहून जास्त नाही आणि प्रत्यक्षात ६ महिन्यांहून जास्त शिक्षा सुनावलेली नाही, तर किरकोळ गुन्ह्याची सवलत मिळते. शिवाय २०१९ साली न्यूयॉर्कने मिस्डिमीनरची कमाल शिक्षा ३६५ वरून ३६४ दिवसांवर आणली. हा एक दिवस मुद्दाम कापलेला आहे: 'एक वर्ष किंवा अधिक शिक्षा होऊ शकते' अशा गुन्ह्यावरून हद्दपारीचं कलम लागतं, आणि ३६४ मध्ये ते लागत नाही. 'अटक झाली होती का?' याला 'नाही' लिहिलं तर मात्र खोटी माहिती दिल्याचा वेगळा ठपका येतो, आणि तो आयुष्यभर चिकटतो. मूळ चोरीपेक्षा हा जड.

म्हणून आजच करायचं काम: जिथे केस चालली त्या न्यायालयाच्या क्लार्ककडून 'सर्टिफिकेट ऑफ डिस्पोझिशन'च्या, म्हणजे केसचा निकाल काय लागला याच्या दाखल्याच्या, शिक्क्याच्या तीन-चार प्रती घ्या. न्यूयॉर्क शहरात एका प्रतीला १० डॉलर, बाहेर ५. डॉकेट नंबर (केसचा क्रमांक) नसेल तर नाव, जन्मतारीख आणि अटकेची अंदाजे तारीख सांगा. दाखल्यावर कलम (१५५.२५) आणि नेमकी शिक्षा छापली आहे ना, हे खिडकीवरच वाचून घ्या. मूळ कम्प्लेंटचीही, म्हणजे आरोप मांडणाऱ्या कागदाचीही, प्रत काढा. सील झाल्यावर हेच कागद मिळतात, पण ओळखपत्र घेऊन स्वतः जावं लागतं, आणि दुसऱ्याला पाठवायचं तर नोटरी केलेलं पत्र लागतं. भाऊ तोवर पुण्याला परतला असेल तर ही धावपळ नकोशी होते.

केस कबुलीशिवाय 'एसीडी'वर, म्हणजे सहा महिने नीट वागल्यावर निकालात निघाली असेल तर ते कन्व्हिक्शन नाही. अटक मात्र तरीही लिहायची. न्यू जर्सीत केस असेल तर तिथला एक्स्पंजमेंटचा (नोंद काढून टाकण्याचा) कायदा वेगळा आहे, इमिग्रेशनचं उत्तर तेच. अर्ज भरण्याआधी हे कागद घेऊन इमिग्रेशनच्या वकिलाकडे जा. फौजदारी वकिलाचं 'सील झालं की सांगायची गरज नाही' हे वाक्य नोकरीपुरतंच खरं असतं.