कांदिवलीच्या फ्लॅटमध्ये कारवानी पाळावा की बेल्जियन मॅलिन्वा?

तुम्ही लिहिलंय की कांदिवलीत टू-बीएचके आहे, तुम्ही दोघं नोकरीला, दिवसभर आई घरी, आणि कुत्र्यांच्या या दोन जातींत मन अडकलंय. माझ्याकडे मुलुंडला, चौथ्या मजल्यावर, साडेसहा वर्षांचा कारवानी आहे. मॅलिन्वा मी पाळलेला नाही, पण मित्राच्या मॅलिन्वाबरोबर वर्षभर रोज पहाटे धावलोय. म्हणून स्पष्टच सांगतो: तुमच्या घरी मॅलिन्वा आणू नका.

जागा कमी पडेल म्हणून नाही. मॅलिन्वा हा मूळचा बेल्जियममधला मेंढपाळांचा कुत्रा. दिवसभर कळपाभोवती पळायचं आणि मालकाच्या इशाऱ्यावर नजर ठेवायची, हे त्याच्या रक्तात आहे. सीआरपीएफ, आयटीबीपी ही निमलष्करी दलं त्याला घेतात ते याचसाठी; पण तिथे त्याला सांभाळणं हीच एका जवानाची ड्युटी असते. मित्राचा कुत्रा तासभर पळून यायचा, पाणी प्यायचा आणि 'आता काय करायचं?' म्हणून आमच्या तोंडाकडे बघत बसायचा. नुसतं पळवून तो दमत नाही, उलट त्याचा दमसास वाढत जातो. त्याला डोक्याला काम लागतं: लपवलेली वस्तू वासाने शोधणं, आज्ञा पाळणं, दातांनी ओढायचा खेळ. दिवसातून दोन-तीनदा, रोज, पाऊस असो की मेगाब्लॉक. काम मिळालं नाही तर लिफ्टचा आवाज, जिन्यात धावणारी पोरं, सोफ्याची गादी, हेच त्याचं काम होतं. मित्राला रात्रपाळी लागली आणि कुत्रा एका अनुभवी ट्रेनरला द्यावा लागला. परत येताना मित्र गाडीत अक्षरशः रडत होता.

कारवानीची (कर्नाटकात यालाच मुधोळ म्हणतात) ताकद वेगळ्या तऱ्हेने खर्च होते. हा डोळ्यांनी शिकार हेरणारा कुत्रा. माळावर ससा दिसला की जीव तोडून धाव, आणि मग सावलीत पडून राहणं. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी ही जात जोपासली, 2005 मध्ये तिच्यावर टपाल तिकीटही निघालं. सकाळ-संध्याकाळ पाऊण तास दमदार फिरवलं की आमचा दुपारभर गोधडीवर गाढ झोपतो. केस अगदी आखूड, त्यामुळे मुंबईचा उकाडा त्याला त्या मानाने सोसतो.

पण एक अट आहे, आणि ती मोडून चालत नाही. मोकळ्या जागेत पट्टा सोडायचा नाही. मांजर पळताना दिसली की त्याला तुमची हाक ऐकूच येत नाही, आणि मुंबईत मांजर नसलेली सोसायटी मी तरी पाहिलेली नाही. शिवाय याचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं, साधा पट्टा सहज निसटतो. पहिल्या वर्षी विसर्जनाच्या फटाक्यांना घाबरून आमचा असाच निसटला. रात्री दोन वाजता मागच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, गाडीखाली थरथरत सापडला. तेव्हापासून ओढल्यावर आवळणारा रुंद पट्टा आणि छातीचा हार्नेस, दोन्ही.

अंगावर चरबी जवळजवळ नसते. भुलीच्या काही औषधांचा अंमल अशा कुत्र्यांवर जास्त वेळ राहतो, म्हणून नसबंदीआधी डॉक्टरांना जात आवर्जून सांगा. लेप्टोची (पावसाच्या साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाची) लस जूनच्या आधी.

पिल्लू ऑनलाइन फोटोवरून घेऊ नका, मुधोळ म्हणून भलतीच मिश्र पिल्लं विकली जातात. मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे, तिथे चौकशी करा आणि पिल्लाचे आईबाप डोळ्यांनी पाहा.

आता राहिल्या तुमच्या आई. दुपारी खाली न्यायची वेळ आली तर पट्टा त्यांच्याच हातात असणार, आणि पंचवीस किलोच्या कुत्र्याने मांजरीमागे मारलेला हिसका खांदा उतरवू शकतो. दुपारसाठी फिरवणारा माणूस आधी ठरवा, पिल्लू नंतर. मुलुंडला येणं जमलं तर आईंना घेऊन या, आमच्याबरोबर एक फेरी मारू. त्यांना झेपतंय का ते त्याच सांगतील.