वाचकांचे प्रश्न : माहितीचा पाठ मुलांना कसा वाचायला द्यावा?

प्रश्न : गोव्यात बार्देश तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळेत मी चौथीला शिकवते. गोष्ट असली की मुले रंगून वाचतात. माहितीचा पाठ आला की प्रश्नातला शब्द पाठात शोधतात आणि ते अख्खे वाक्य वहीत उतरवतात. उत्तर बरोबर असते, पण विचारले तर काही सांगता येत नाही. काय करावे? – एक शिक्षिका

उत्तर : यात मुलांपेक्षा आपल्या प्रश्नांचा दोष जास्त आहे. पाठातल्याच शब्दांत प्रश्न विचारला की तो न समजताही सुटतो. म्हणून आधी प्रश्न बदला. एक छोटा उतारा घेऊन पाहू :

‘खाजन शेत भरतीच्या पातळीपेक्षा खाली असते. खाडीचे खारे पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा बांध घालतात. बांधात पाण्यासाठी वाट ठेवतात, तिला मानस म्हणतात. मानसीला लाकडी दारे असतात. भरतीचे पाणी बाहेरून दाबते तेव्हा दारे मिटतात. ओहोटीला आतले पाणी ढकलते तेव्हा ती उघडतात.’

‘मानसीला काय असते?’ हा प्रश्न नुसत्या डोळ्यांनी सुटतो. ‘दारे उघडायला-मिटायला माणूस का लागत नाही?’ असे विचारा. याचे उत्तर एका वाक्यात सापडत नाही, शेवटची दोन वाक्ये जोडावी लागतात. असे दोनच प्रश्न पुरेत. दहा दिले की मुले पुन्हा उतरवू लागतात.

वाचण्यापूर्वी अडणारे तीनच शब्द सांगा, जास्त नकोत. आपल्याकडे हे फार महत्त्वाचे आहे, कारण घरी कोंकणी बोलणाऱ्या मुलाला ‘सुकती’ पक्की ठाऊक असते, ‘ओहोटी’ नसते. त्याला वस्तू माहीत आहे, फक्त पुस्तकातला शब्द नवा आहे. हे न ओळखता आपण ‘मुलाला समजत नाही’ असे म्हणतो, आणि तो अन्याय आहे. तोंडी उत्तर कोंकणीत येऊ द्या, लिहिताना मराठी करून घ्या.

पहिले वाचन मनात. हातात पेन्सिल : समजले तिथे काही नको, अडले तिथे प्रश्नचिन्ह. दुसऱ्या वाचनात ‘म्हणून’, ‘तेव्हा’, ‘कारण’, ‘पण’ या शब्दांना गोल करायला सांगा. माहितीच्या पाठाचे सांधे हेच आहेत. गोलाच्या अलीकडे काय, पलीकडे काय, हे जोडीजोडीने बोलू द्या. मग पुस्तक मिटून चित्र काढायला लावा : खाडी, बांध, दार, पाण्याचे बाण. बाण उलटा पडला तर कुठे गफलत झाली ते लगेच दिसते. लेखी उत्तरात ती लपून राहते.

तरीही अडले तर वर्गाचे दार वापरा. दार ज्या बाजूला उघडते ती खाडी, दुसरी बाजू शेत. खाडीकडच्या मुलाने ढकलले की दार चौकटीला घट्ट बसते, शेताकडच्याने ढकलले की उघडते. मग तेच वाक्य पुन्हा मोठ्याने वाचून घ्या, नाहीतर खेळ लक्षात राहतो आणि मजकूर निसटतो.

शेवटी विचारा : ‘बांध फुटला तर भाताचे काय होईल?’ मुले सांगतील, खाऱ्या पाण्याने पीक जाईल. उत्तर योग्य आहे, पण उताऱ्यात ते लिहिलेले नाही. ‘हे पाठात आहे की तुला ठाऊक होते?’ हे दर वेळी विचारा. हा फरक कळू लागणे म्हणजेच विश्लेषणाची सुरुवात.

सुरुवातीला उतारा ५०-६० शब्दांचा, वर्षअखेरीस १२० पर्यंत. एका उताऱ्याला दोन तासिका द्या. एकीत उरकायला गेलात की चित्र गळते.

प्रश्न : घरी यासाठी कोणते पुस्तक आणावे? – एक पालक

उत्तर : आधी घरातलेच कागद घ्या. वीजबिल, औषधाच्या बाटलीवरची सूचना, सरकारी कदंब बसचे वेळापत्रक. ‘दहाच्या आधी म्हापशाला पोचायचे तर कुठली बस धरू?’ असे विचारा आणि कागद मुलाच्या हातात द्या. बोट ठेवून दाखवू नका.