बेसुमार, खानेसुमारी आणि खाणारी तोंडं

प्रश्न (ऐरोलीहून): 'ठाणे जिल्ह्याची बेसुमार लोकसंख्या' हा प्रयोग बरोबर आहे का? आणि 'खानेसुमारी' म्हणजे खाणारी तोंडं मोजणं, असं एका व्याख्यानात ऐकलं. ते खरं का?

दुसरं आधी घेतो, कारण हे तोंडांचं प्रकरण ठाण्यात मीही ऐकतो आणि दर वेळी चिडतो. इथे खाण्याचा काडीचा संबंध नाही. फारसी 'खाना' म्हणजे घर, जागा. दवाखाना, कारखाना, तोफखान्यातला तोच. खानेसुमारी म्हणजे घरमोजणी. डोकी मोजायची ती शिरगणती. दोन्ही समानार्थी ठरवून कोशकार मोकळे होतात, ते मला साफ अमान्य आहे. आजच्या जनगणनेतही आधी घरयादी होते, मग माणसं मोजतात. उलव्यात, खारघरला रात्री एकही दिवा न लागणारे मजले बघा. तिथे खाने आहेत, शिरं नाहीत.

खरी गंमत 'सुमार'मध्ये आहे. फारसी 'शुमार' म्हणजे मोजणी, आणि त्याच्या मुळाशी असलेला जुना इराणी धातू हा संस्कृत 'स्मृ'चा सख्खा भाऊ! सुमार आणि स्मरण एकाच कुळातले. मोजणं म्हणजे मुळात एकेकाला ध्यानात ठेवणं, असं माझं ठाम मत आहे. 'तुला मोजतो कोण?' असं आपण दरडावतो, तेव्हा आकडेमोड थोडीच अभिप्रेत असते? सुमारला यावनी म्हणून हाकलू पाहणाऱ्या भाषाशुद्धीवाल्यांनी आधी त्याचं गोत्र तपासावं.

आता बेसुमार, म्हणजे ज्याची मोजदादच नाही असं. पालघर २०१४ मध्ये वेगळा झाला. त्याआधीच्या अखंड ठाणे जिल्ह्यात २०११ साली १,१०,६०,१४८ माणसं मोजली गेली, देशातल्या कुठल्याही जिल्ह्यापेक्षा जास्त. शेवटच्या आठापर्यंत मोजलेलं बेसुमार कसं? बांगलादेशात चौरस किलोमीटरला अकराशेहून अधिक माणसं आणि मंगोलियात जेमतेम दोन, हेही मोजूनच कळलं. 'जगाची बेसुमार लोकसंख्यावाढ' तर त्याहून वाईट. वाढीचा दर १९६० च्या दशकात वर्षाला २ टक्क्यांवर होता, आज तो १ टक्क्याच्याही खाली आहे. दाट म्हणा, भरमसाट म्हणा, माझी हरकत नाही. मात्र २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झालीच नाही, तेव्हा ठाण्याचा त्यानंतरचा कुठलाही आकडा लिहिताना आधी 'सुमारे' घाला. तोही शब्द सुमारचाच.