‘आप जैसा कोई’ हे गाणं ‘कुर्बानी’च्या बाकी गाण्यांपेक्षा वेगळं का वाटतं? गॅदरिंगला बसवायचंय, काही टिप्स?

वेगळं वाटतं कारण ते कल्याणजी-आनंदजींचं नाहीच, बिड्डू नावाच्या लंडनवासी संगीतकाराचं आहे. मी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचो तेव्हा दर गणपतीत मालकांना हे सांगायचो आणि ते माइकवर ‘संगीत कल्याणजी-आनंदजी’ असंच ठोकून द्यायचे. पिक्चर त्यांचा ना, मग झालं तर, म्हणे.

बिड्डू मूळचा बंगळूरचा, मुंबईत क्लबात गायचा, साठच्या दशकात लंडन गाठलं आणि 1974 ला तिथे ‘कुंग फू फायटिंग’ हे गाणं केलं, जे खरं तर रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकायला म्हणून घाईघाईत उरकलेलं, तेच इंग्लंड-अमेरिकेत पहिल्या नंबरावर. ‘कुर्बानी’चा निर्माता-दिग्दर्शक फिरोज खानही जन्माने बंगळूरचाच. त्याला झीनत अमानसाठी एक डिस्को गाणं हवं होतं आणि लंडनच्या एका पार्टीत त्याला नाझिया हसन भेटली, कराचीची पोरगी, वय जेमतेम 15. शब्द इंदीवरचे, रेकॉर्डिंग लंडनलाच. पिक्चर 1980 चा, आणि पुढच्या वर्षी फिल्मफेअर नाझियाला. लता-आशाच्या जमान्यात!

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे तेव्हा अख्खा ताफा हॉलमध्ये बसवून एकदम टेक घ्यायचे, बिड्डूने ट्रॅकवर ट्रॅक चढवले, म्हणजे वेगवेगळं रेकॉर्ड करून एकावर एक रचलं, नाझियाचा आवाजसुद्धा तिच्याच आवाजावर परत चढवलाय. आणि खाली बेस. डिस्को म्हणजे बेस आणि ठोक्याला ठोका किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), बाकी सगळी सजावट. मालकांचं मत, ‘बेस कोण ऐकतंय, लोक गाणारीकडे बघतात,’ त्यामुळे माझं पाकीट ढोलकीवाल्यापेक्षा पातळ. मग एका रात्री ऐन या गाण्यात माझा अँप्लिफायर उडाला, म्हणजे बेस बंद. गायिका तीच, गाणं तेच, आणि पुढे नाचणारी पोरं अर्ध्या अंतऱ्यात थंड पडली राव. मालक आजही म्हणतात पाऊस आला म्हणून. कसला पाऊस, चार थेंब.

तर मोबाइलवरच्या कराओके ट्रॅकवर करू नका, हॉलच्या स्पीकरमधून नुसतं चिरकतं. बेसवाला आणा आणि त्याला गायिकेइतकेच पैसे द्या. बजेट नसेल तर लाइटवाल्याचे कापा. दोन मुलींना एकाच पट्टीत एकत्र गायला लावा, एकटा आवाज बारीक वाटतो. हरकती-मुरक्या अजिबात नकोत, सरळ गायचं. अर्थात हॉल लहान असेल तर बेस जरा कमीच ठेवा, खिडक्या थरथरतात.

आणि कल्याणजी-आनंदजींच्या भक्तांनी चिडू नये, ‘लैला मैं लैला’ त्यांचंच आहे आणि ते वाजवताना मला जास्त घाम फुटायचा.